उलटी लेन्स, कुंद्याचा बॉक्स आणि भाताचं फूल

गेल्या दिवाळीच्या आधी व्हॉट्सॲपला एक फोटो स्टेटस ठेवला होता. भाताच्या लोंबीतलं एकच फूल, हिरव्या टरफलाची चोच उघडलेली आणि त्यातनं फिकट पिवळे पुंकेसर बाहेर लोंबकळायलेत, एवढंच. त्या दिवशी जितक्या जणांनी मेसेज केला त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच, मॅक्रो लेन्स कधी घेतलीस? तर घेतलेली नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलीमीटरची किट लेन्सच आहे ती, फक्त उलटी लावलेली. हे असं एका वाक्यात सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही आणि सगळं सांगायला गेलं की चहा गार होतोय, म्हणून इथं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं आणि करून बघावं.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, घर वडगावात, शिवार येळ्ळूरच्या रस्त्याला. कॅमेरा कॅनन ७०० डी, तोही सेकंडहँड, त्याच्याबरोबर किट लेन्स आणि ५५-२५० मिळाली. मॅक्रो लेन्सचा भाव बघितला आणि पगाराकडं बघितलं, विषय तिथंच थांबला. पण किड्यामुंग्या आणि बारीक फुलं बघायची आवड लहानपणापासूनची, ती काय थांबत नाही. मग लेन्सशिवाय काय काय होऊ शकतंय ते शोधायला लागलो आणि तीन वर्षं झाली, अजून त्यातच आहे.

आधी मॅक्रो म्हणजे काय ते नीट समजून घ्या. किडा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटला तर त्याला १:१ म्हणतात, खरी मॅक्रो लेन्स साधारण तिथपर्यंत जाते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलीमीटर रुंद आहे, म्हणजे फोटोत स्टीलपट्टीचे साधारण २२ मिलीमीटर मावले की समजायचं १:१ झालं. ही पट्टीची टेस्ट घरी बसून पहिल्यांदा करा, ह्याच्यासारखा शिक्षक नाही. किट लेन्स सरळ लावून, ५५ ला झूम करून, जितकं जवळ जाता येईल तितकं गेलं तरी पट्टीचे साठ-बासष्ट मिलीमीटर दिसतात. तीच लेन्स उलटी करून १८ ला आणली की एक सेंटीमीटरसुद्धा पूर्ण मावत नाही! पहिल्यांदा केलं तेव्हा दोन रेघांमधली जागा एवढी मोठी दिसली की पट्टीवरचे ओरखडे मोजता येत होते. रात्रीचे बारा वाजलेले, घरात सगळे झोपलेले आणि मी एकटाच मिलीमीटर बघत बसलोय.

उलटी लावायला रिव्हर्स रिंग लागते. एका बाजूला कॅमेऱ्याचा माउंट, दुसऱ्या बाजूला लेन्सच्या तोंडाचे आटे. लेन्सच्या पुढं ५८, ५२, ४९ असं काहीतरी लिहिलेलं असतंय, तो फिल्टरचा साइज, तेवढ्याच साइजची रिंग मागवायची. माझी ५८ ची, साडेतीनशे रुपयाला पडली. आता गंमत अशी आहे की नेहमीच्या अंदाजाच्या बरोब्बर उलटं होतंय, झूम १८ कडे नेलं की किडा मोठा, ५५ कडे नेलं की लहान. आणि फोकसची रिंग फिरवून फारसं काही होत नाही, कॅमेरा हातात धरून आपणच पुढं-मागं व्हायचं.

खरी अडचण अपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाची. ते एफच्या आकड्यानं मोजतात, आकडा मोठा तितकं भोक बारीक. लेन्स उलटी केली की कॅमेऱ्याचा आणि तिचा संबंध तुटतो, स्क्रीनवर एफ ०० दिसायला लागतंय, आणि कॅननच्या लेन्सला अपर्चरची रिंग नसते, त्यामुळे ती पूर्ण उघडीच राहते आणि फोटोत मुंगीच्या एका डोळ्याशिवाय काहीच शार्प येत नाही. त्याचा उपाय असा. लेन्स आधी सरळ लावा, एव्ही मोडला (अपर्चर आपण ठरवायचा मोड) एफ ८ करा, मग माउंटशेजारी डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बारकं बटण असतंय ते दाबून धरा, आणि ते दाबलेलंच ठेवून लेन्स फिरवून काढा. कॅमेरा चालूच पाहिजे. काढल्यावर लेन्समधनं उजेडाकडं बघा, आतली पाती मिटून बारीक भोक झालेलं दिसलं की काम झालं. काही मॉडेलला हे बटण वेगळं नसतं, मेनूत जाऊन दुसऱ्या एखाद्या बटणाला ते काम द्यावं लागतंय. असं चालू कॅमेऱ्यावरनं लेन्स काढू नये असं बरेचजण म्हणतात, माझ्या कॅमेऱ्याला तीन वर्षांत काही झालेलं नाही, पण तुमचं तुम्ही ठरवा.

निकॉनवाल्यांचं वेगळं, त्यांच्या लेन्सच्या पाठीमागं एक लहान दांडी असते आणि लेन्स काढली की पाती आपोआप पूर्ण मिटतात, मग ती दांडी कागदाची घडी घालून पाहिजे तेवढी उघडी अडकवायची. जुनी ५० एमएम डी लेन्स असेल तर मात्र तिला अपर्चरची रिंग आहे, फिरवली की झालं. खरं तर घरात बाबांच्या किंवा काकांच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची ५० ची लेन्स पडलेली असेल तर तीच काढा, उलटी लावायला त्याच्याइतकी सोयीची दुसरी नाही. ५० उलटी लावली की १:१ च्या आसपास मिळतंय आणि किड्यापासनं आठ-नऊ सेंटीमीटर लांब राहता येतंय. किट लेन्स १८ ला असली की पाचच सेंटीमीटर उरतात, म्हणजे किड्याच्या अंगावरच आपली सावली.

लेन्स सरळच ठेवायची असेल तर कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब लावतात. तिचं गणित सोपं आहे, ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिलीमीटरचा आकडा), तेवढ्या पट मोठं. ५० च्या लेन्सला ५० मिलीमीटरची ट्यूब लावली की १:१ च्या आसपास येतंय. आत काच नसते, नुसतं पोकळ नळकांडं, त्यामुळे क्वालिटी जात नाही, उजेड मात्र कमी होतोय. मी पहिल्यांदा अगदी स्वस्तातली घेतली आणि तिसऱ्याच दिवशी ती बॉडीवर अशी अडकून बसली की शॉपमधल्या टर्नरनं रबराचा पट्टा गुंडाळून हळूहळू सोडवली. माउंट धातूचा आणि नीट फिनिश केलेला असेल तरच घ्या. पैसे थोडे जास्त असतील तर कॅमेरा आणि लेन्स जोडणारे विजेचे कॉन्टॅक्ट असलेली घ्या, अपर्चरची कटकटच संपते.

आणि ज्याच्याकडं ५५-२५० सारखी झूम लेन्स आहे त्यानं माझं ऐकायचं असेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० बघावं. चिमट्यानं लेन्सच्या तोंडाला लागणारं छोटं भिंग आहे, पॉवर +८. हजाराला आठनं भागलं की १२५, म्हणजे किड्यापासनं साडेबारा सेंटीमीटर अंतर, आणि लेन्स २५० ला नेली की २५० भागिले १२५, दुप्पट मोठा फोटो. फुलपाखरं, चतुर, टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे किडे) ह्यांच्या पाच सेंटीमीटरवर जाता येत नाही, तिथं हे कामाला येतंय. अपर्चर चालतंय, ऑटोफोकससुद्धा थोडाफार चालतोय. रिंगपेक्षा महाग आहे, पण मॅक्रो लेन्सच्या मानानं काहीच नाही. ते +१, +२, +४, +१० असे चार काचांचे स्वस्त सेट मिळतात त्यातला +४ बरा आहे, +१० मध्ये कडेला जांभळी-हिरवी झालर येते, मला नाही आवडली.

ज्याच्याकडं नुसता मोबाइल आहे त्यानंही थांबायचं कारण नाही. माझ्या भाच्यानं बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमधली मसुराच्या डाळीएवढी लेन्स काढली, ताईच्या हेअरपिनमध्ये अडकवली, पिन मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीनं लावली आणि साखरेचे दाणे काढले, काचेचे चौकोनी ठोकळे रचून ठेवल्यासारखे. सहावीत आहे तो!

आता जे सगळ्यांना जड जातंय ते, फोकस. १:१ ला एफ ८ ठेवलं की जेवढं शार्प दिसतंय त्याची जाडी साधारण ०.६ मिलीमीटर. दुप्पट मोठं केलं की पाव मिलीमीटरच्याही आत. शॉपमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) रोज हातात असतंय, त्यातली ०.६ ची पाती बोटात धरून बघितली तेव्हा मला खरं कळलं की आपण कशाच्या मागं लागलोय. त्या पातीएवढ्या जागेत कोळ्याचे डोळे आणायचेत, आणि आपण श्वास घेतला तरी कॅमेरा दोन मिलीमीटर हलतोय. मग अपर्चर एफ २२ करू की, असं वाटतंय, मीही करून बघितलं. पण दुप्पट मोठेपणाला एफ ८ च एफ २४ सारखा वागायला लागतोय, अजून बारीक केलं की डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक भोकातनं जाताना उजेड पसरल्यानं, सगळाच फोटो मऊ पडतो. एफ ५.६ ते एफ ८, त्याच्या पलीकडं मी जात नाही.

त्यामुळे सवय हातालाच लावायची. डाव्या हातात एक काठी धरतो, जमिनीला टेकवलेली, त्याच हाताच्या बोटांवर लेन्स टेकवतो, कोपर पोटाला, आणि मग अंगानंच मुंगीच्या चालीनं पुढं सरकत एकामागनं एक पाच-सहा फोटो. त्यातला एक चांगला निघतोय. सुरुवातीला शंभरातले दोन निघायचे. फोकस स्टॅकिंग म्हणजे थोडं थोडं पुढं सरकत काढलेले फोटो सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करणं, तेही करतात लोक, पण वाऱ्यावर हलणाऱ्या पानावर ते जमत नाही, घरात टेबलावर बियांचे किंवा वाळलेल्या किड्याचे काढायचे असतील तर जरूर करा.

पण मला विचाराल तर लेन्सपेक्षा उजेडावर डोकं लावा. माझे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो लेन्समुळं नाही, उजेडामुळं खराब आले. एफ ८ ला, एवढ्या जवळ, हातात धरून काढायचं म्हणजे फ्लॅश पाहिजेच, आणि कॅमेऱ्याचा उघडा फ्लॅश मारला की लेन्सचीच सावली पडते आणि किड्याच्या पाठीवर पांढरा टिपका उठतोय, अंगावरचा रंग दिसतच नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश घेतला आणि डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारं आवरण, म्हणून कुंद्याचा (आपल्या बेळगावची दुधाची मिठाई) पुठ्ठ्याचा बॉक्स वापरला. पाव्हण्यांना द्यायला म्हणून कुंदा आणतोच आपण, तो बॉक्स. आतनं किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली, मागं फ्लॅशच्या डोक्याएवढं चौकोनी भोक, पुढं बटर पेपरचे दोन थर, मध्ये टीव्हीच्या पॅकिंगमधली पातळ फोमची शीट, आणि रबरबँडनं फ्लॅशला असा बांधला की बॉक्सचं तोंड बरोबर लेन्सच्या टोकावर वाकून येईल. किड्याच्या जितकं जवळ आणि जितकं मोठं पांढरं छप्पर, तितका उजेड मऊ पडतोय. बॉक्स लावायच्या आधीचा आणि नंतरचा एकाच बीटलचा फोटो शॉपमध्ये दाखवला तर आमचा एक ऑपरेटर बघतच राहिला, "भाळ चलो ऐत्री," म्हणजे फार छान आहे, असं कानडीत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरच्या तुळशीवरचा किडा डबीत घालून घेऊन आला. त्याला सांगितलं, आणायचं नाही, मीच येतो.

सेटिंग माझं ठरलेलं आहे. मॅन्युअल मोड, शटर १/२०० सेकंद, आयएसओ २०० किंवा ४००, लेन्स एफ ८ ला अडकवलेली, फ्लॅश पूर्ण पॉवरच्या १/१६ च्या आसपास, मग स्क्रीन बघून वर-खाली. ७०० डी ला फ्लॅश १/२०० पर्यंतच जुळतोय, त्याच्या वर गेलं की फोटोत काळी पट्टी येते. १/२०० ला हात हलेल की असं वाटतंय, पण उजेड सगळा फ्लॅशचाच असतो आणि तो कमी पॉवरला इतक्या थोड्या वेळात चमकून जातो की तोच हलणं गोठवतो.

किडे पकडून फ्रिजमध्ये ठेवून गार करून फोटो काढणारे आहेत. हे मला अजिबात पटत नाही. गारठा पाहिजे तर आपल्या बेळगावात तो फुकट मिळतोय, नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे शिवारात जा, चतुर आणि टाचण्या दवानं भिजून गवताच्या काडीला धरून बसलेल्या असतात, ऊन वर येईपर्यंत हलत नाहीत, पाहिजे तेवढा वेळ घ्या. डोळ्यांवर दवाचे थेंब ओळीनं बसलेले दिसतात. सुरुवात घराच्या कंपाउंडच्या भिंतीवरनंच करा, उड्या मारणारा कोळी तिथं असतोच. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे, आणि आपण लेन्स पुढं नेली की तो पळून जायचं सोडून वळून आपल्याकडंच बघतोय. शिकायला त्याच्यासारखा मॉडेल नाही.

मिरगाचा किडा तर आमच्याकडच्या प्रत्येकानं लहानपणी तळहातावर घेतलाय. पहिला पाऊस पडून माती भिजली की लाल मखमलीचा तुकडा चालायला लागल्यासारखा तो येतोय. किडा म्हणतो खरं, पण पाय आठ आहेत, म्हणजे तो कोळ्याच्या भावकीतला, माइट. ज्या पावसात वाळवीला पंख फुटतात त्याच पावसात हा वर येतो, वाळवी खायला. उलट्या लेन्समधनं बघितला तेव्हा ती मखमल म्हणजे एकेक वेगळा केस दिसला, जाडसर, आणि केसांच्या मुळात लाल मातीचे कण अडकलेले. जांबोटीच्या बाजूला लाल मातीत तो मिळाला, मी तिथं पोटावर पालथा पडलेला आणि वरनं जिरजिर पाऊस.

तिथंच माझी चूकही झाली, ती सांगतो. लेन्स उलटी असली की तिची पाठ बाहेर येते, सगळे कॉन्टॅक्ट आणि मागची काच उघडी. त्या पावसात ओलावा आत गेला, मी नुसतं पुसून बॅगेत टाकली आणि महिनाभर बघितलंच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं भिंतीला हात लावला तरी ओल लागते. बघितलं तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी फंगस. दुरुस्तीला दिली तिथं साफ करताना पात्याची केबल तुटली आणि लेन्स गेलीच. आत्ताची दुसरी आहे. आता मागच्या कॅपचा तळ कापून ती कडी लेन्सच्या उघड्या पाठीवर लावतो, हूडसारखी, आणि घरी आल्यावर सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. शिवारात लेन्स बदलायची झाली तर कॅमेऱ्याचं तोंड खाली करून, शर्टाच्या आत धरून.

आता ते भाताचं फूल. आमच्या शिवारात बासमती असतोय, मी जन्मल्यापासनं बघतोय, पेरणी, कोळपणी, कापणी, मळणी सगळं केलंय, पण भाताला फूल येतंय हे नुसतं ऐकून होतो. ऑक्टोबरची सुरुवात होती, लोंब्या निसवलेल्या, म्हणजे ताटातनं बाहेर पडलेल्या, दहाच्या सुमाराला ऊन चढलं आणि बांधाच्या कडेची एक लोंबी फुलायला लागलेली दिसली. झूम ३० च्या आसपास आणून, काठी चिखलात रोवून, बांधावर आडवा झालो. टरफलाच्या दोन फाका हळूच उघडतात, आतनं पांढऱ्या दोऱ्यासारख्या देठांवर सहा पुंकेसर बाहेर येतात, आणि तळाशी दोन बारीक पिसं, खरोखर पिसंच, तिथं पराग चिकटतो. सगळं तासाभरात. मग टरफल परत मिटतंय, पुंकेसर बाहेरच राहतात वाळून, आणि आत दाणा भरायला लागतो. आपण लांबनं लोंबीवर पांढरट भुसा लागल्यासारखं बघतो ते हे.

आज्जी बांधावर आली होती. "काय करायलाईस रे आडवा पडून? विंचू-काटा बघ जरा."

स्क्रीनवर दाखवलं. "आज्जी, हे भाताचं फूल."

"फुलोरा म्हण की."

मी मोठं करून एकच फूल दाखवलं. तिनं पदरानं स्क्रीन पुसला, डोळ्याजवळ धरला, बोट लावून पुंकेसर मोजले. सहा झाले. पुन्हा मोजले. मग ती पिसं दाखवून विचारलं हे काय, मी सांगितलं, पराग ह्याच्यावर पडला तर दाणा धरतोय, पावसानं धुऊन गेला तर पोकळ राहतोय. आज्जी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामंजी म्हणायचे, फुलोऱ्यात पाऊस नको, पळंज पडतंय. का पडतंय ते आज बघितलं."

त्या दिवशी दोनशे दहा फोटो काढले, त्यातले चौदा ठेवलेत. अजून टरफल उघडताना आणि मिटताना असे एकाच फुलाचे ओळीनं फोटो मला मिळालेले नाहीत, त्यासाठी ट्रायपॉड वाफ्यात उभा करायला लागणार आणि वारा पडलेला पाहिजे. आज्जीनं परवा सांगितलंय, खालच्या वाफ्यातलं भात पोटरीत आलंय (लोंबी अजून ताटातच आहे), पंधरा दिवसांत निसवंल. तोवर नवीन डिफ्यूझर करायचाय, जुना बॉक्स पावसात भिजून वाकलाय, रविवारी कुंदा आणतो.